घोड्याचा ताण कोणी मोजला, कसा मोजला आणि कशासाठी?

रक्तदाब मोजल्याची इतिहासातील पहिली नोंद माणसाची नाही. ती एका घोडीची आहे.

लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी स्टीफन हेल्स नावाचा पाद्री राहत असे. चर्चचे काम आटोपले की उरलेला वेळ प्रयोगांचा. एका डिसेंबरात त्याने सुमारे १४ वर्षांची एक घोडी उताणी बांधून घेतली, तिच्या मांडीतील धमनी उघडून तीत पितळेची बारीक नळी बसवली आणि त्या नळीला ९ फूट उंचीची काचेची नळी जोडली. घोडीचे रक्त हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच वर चढले. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हा वृत्तान्त आहे, आणि वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात तो उद्धृत होतो.

त्याच वृत्तान्तातील आणखी एका नोंदीकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. निरोगी, न घाबरलेल्या आणि वेदनेत नसलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला सुमारे ३६ ठोके पडते, असे हेल्स लिहितो. त्याच्यासमोरच्या बांधलेल्या घोडीची नाडी याहून कितीतरी वेगाने चालत होती. म्हणजे आपण मोजत आहोत ते घोडीचे नेहमीचे शरीर नव्हे, भ्यालेले आणि दुखावलेले शरीर आहे, याची जाणीव पहिल्याच मोजणाऱ्याला होती. मोजण्याच्या कृतीनेच मोजमाप बदलले होते.

आजचा धागा या नोंदीतून निघणाऱ्या प्रश्नाचा आहे. सरावात आणि स्पर्धेत उतरवलेल्या घोड्यावर किती ताण येतो, हे माणसाने कसे मोजले? आणि त्याहून महत्त्वाचे, ते मोजावेसे त्याला केव्हा वाटले? धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी शब्दाविषयी थोडे. मराठीतील ‘ताण’ हा ‘ताणणे’ या क्रियापदाचा सोयरा. दोराला ताण असतो, तंबूच्या कनातीला असतो. मनाला ताण असतो हा अर्थ त्यामानाने अलीकडचा. इंग्रजी ‘स्ट्रेस’चेही तसेच. पूल किती भार सोसेल याचा हिशेब करणाऱ्या अभियंत्यांकडून तो शब्द विसाव्या शतकात शरीरशास्त्रात आला. घोड्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ सतत एकमेकांत मिसळतात. धावल्याने पडणारा ताण वेगळा आणि भीतीने येणारा ताण वेगळा. शास्त्राला पहिला फार लवकर मोजता आला. दुसरा अजूनही नीट हाती लागलेला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा पीळ इथेच आहे.

एकोणिसाव्या शतकात घोडा हा युरोपचा प्रयोगशाळेतला लाडका प्राणी होता. कारण साधे: हृदय मोठे, रक्तवाहिन्या मोठ्या, स्वभाव बऱ्यापैकी सोशिक. १८६० च्या दशकाच्या आरंभी ओग्युस्त शोव्हो आणि एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच संशोधकांनी मानेतील रक्तवाहिन्यांमधून घोड्याच्या हृदयात नळ्या सरकवल्या आणि प्रत्येक ठोक्याचा दाब कागदावर रेघेच्या रूपात उतरवला. पुढे मारेने घोड्याच्या खुरांखाली हवेच्या पिशव्या बसवल्या. टाप जमिनीवर पडली की पिशवी दबे, हवेचा झटका रबरी नळीतून वर जाई आणि स्वाराच्या हातातील यंत्रावर खूण उमटे. धावत्या घोड्याने धावता धावताच आपली नोंद लिहावी, ही कल्पना इथून रुळली. आजचे छातीपट्ट्यातले हृदयगतीमापक याच कुळातले.

बर्लिनमध्ये नाथान झुंट्स या शरीरशास्त्रज्ञाने १८८९ च्या सुमारास घोड्यांसाठी ट्रेडमिल उभारले. घोडा जागच्या जागी चालतो-धावतो आहे आणि तो किती प्राणवायू घेतो, किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे टिपले जात आहे, असा तो प्रयोग. ऑस्कर हागेमान याच्यासह केलेल्या या कामाचा मोठा अहवाल १८९८ मध्ये बाहेर आला. मात्र झुंट्स शिकवत होता कृषी महाविद्यालयात, आणि त्याच्यासमोरचा प्रश्न घोड्याला काय वाटते हा नव्हता. अमुक ओझे अमुक अंतर ओढायला किती दाणावैरण लागते, हा होता. ज्या काळात गाडी, नांगर आणि तोफ घोडाच ओढत होता, त्या काळात हा प्रश्न अर्थकारणाचा होता. थकवा आधी मोजला गेला तो थकव्याला किंमत होती म्हणून.

त्याच बर्लिन शहरातून, ते ट्रेडमिल चालू असतानाच्या काळात, एक शर्यत सुटली.

ऑक्टोबर १८९२. जर्मन आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यांतील अधिकाऱ्यांमध्ये पैज लागली होती. जर्मनांनी बर्लिनहून व्हिएन्नाला जायचे, ऑस्ट्रियनांनी व्हिएन्नाहून बर्लिनला. अंतर ५८० किलोमीटरच्या आसपास. एकच घोडा, एकच स्वार, मार्ग ज्याचा त्याने निवडायचा, विसावा किती घ्यायचा हेही ज्याचे त्याने ठरवायचे. काट्यांपुढे झोप हरली. दोनशेच्या आसपास अधिकारी उतरले आणि ऑस्ट्रियाचा काउंट विल्हेल्म श्टारहेमबेर्ग सुमारे ७१ तासांत बर्लिनला पोहोचून पहिला आला.

तीन दिवस-रात्रींपेक्षा कमी वेळात ५८० किलोमीटर. नकाशावर मुंबई ते पणजी हा रस्ता डोळ्यांसमोर आणला, तर अंतराचा अदमास येईल.

या शर्यतीत आणि शर्यतीनंतरच्या दिवसांत अनेक घोडे दगावले, अगदी आघाडीवर पोहोचलेल्यांतलेही. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. दोन्ही साम्राज्यांचे घोडदळ किती उत्तम आहे हे दाखवायला निघालेली मोहीम शेवटी वेगळ्याच वादात सापडली: घोडा मारून जिंकलेला स्वार हा चांगला स्वार म्हणावा काय? युद्धात असा घोडा कोणाच्या उपयोगाचा? गंमत अशी, की आयोजकांना या प्रश्नाची कुणकुण आधीच असावी, कारण उत्तम स्थितीत पोहोचलेल्या घोड्यासाठी त्यांनी वेगळे बक्षीस ठेवले होते. पण इतिहासाने लक्षात ठेवले ते वेळेचे बक्षीस. ‘स्थिती’ मोजायची कशी, यावर एकमत होण्याजोगे मापच तेव्हा नव्हते. घड्याळ मात्र होते.

इथे मराठी वाचकाला आपल्या फौजांमधला भेद आठवावा. बारगिराचा घोडा सरकारी किंवा सरदाराच्या पागेतला असे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा गेला की शिलेदाराची उपजीविकाच गेली, म्हणून शिलेदार घोडा जपून वापरतात, अशी कुरकुर त्या काळच्या इंग्रज निरीक्षकांनी केलेली आहे. मला ती कुरकुर नेहमी प्रशस्तिपत्रासारखी वाटते. घोड्याच्या दमण्याची किंमत ज्याच्या खिशातून जाते, तो यंत्राशिवायही ती मोजतोच. मोतद्दार खरारा करताना घोड्याची कातडी, कानाचे बूड, बरगडीची धाप हातानेच जोखत असे.

१८९३ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कातील चॅड्रनपासून शिकागोपर्यंत सुमारे १,००० मैलांची काउबॉयांची शर्यत ठरली, तेव्हा बर्लिन-व्हिएन्नाची बातमी ताजी होती. प्राणिदया संस्थांनी विरोध केला, इलिनॉयच्या गव्हर्नरने क्रौर्याविरुद्ध जाहीरनामा काढला. शर्यत थांबली नाही. पण तडजोड म्हणून वाटेतल्या ठाण्यांवर संस्थांचे प्रतिनिधी घोडे तपासू लागले. स्पर्धेच्या मध्यावर कोणी तिऱ्हाईत घोड्याकडे पाहून ‘पुढे जा’ किंवा ‘थांब’ म्हणतो, या पद्धतीचे हे आरंभीचे उदाहरण. लक्षात घ्यावे, ही पद्धत शास्त्रातून आली नाही. ती लोकांच्या संतापातून आली.

त्या तपासणीला आकडा मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात वेंडेल रॉबी आणि त्याच्या सोबत्यांनी टाहो सरोवराच्या बाजूने ऑबर्नपर्यंत १०० मैल एका दिवसात घोड्यावरून कापले. त्यातून ‘टेव्हिस कप’ ही वार्षिक स्पर्धा उभी राहिली. तिच्यात १९६४ पासून, पहिल्या दहांत येऊन सर्वोत्तम स्थितीत राहिलेल्या घोड्याला स्वतंत्र चषक मिळतो. १८९२ मधले विस्मरणात गेलेले बक्षीस परत आले म्हणायचे. आणि या प्रकारच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत हळूहळू एक आकडा रुजला: ६४. टप्पा संपला की ठरावीक मिनिटांत घोड्याची हृदयगती ६४ किंवा त्याखाली यायला हवी. आली नाही, तर घोडा बाद. कितीही वेगाने आलेला असला तरी.

हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचे कारण शरीरशास्त्रात आहे. विसावलेल्या घोड्याचे हृदय मिनिटाला ३० ते ४० ठोके देते. भरधाव दौडीत तेच २२० ते २४० पर्यंत जाते. माणसाच्या कोणत्याही धावपटूला हा पल्ला गाठता येत नाही. त्यामुळे धावताना मोजलेला आकडा फारसे काही सांगत नाही. तो तर वाढायचाच. खरे बोलते ते उतरण. दमलेल्या, पाणी हरवलेल्या, लंगड्या, दुखऱ्या घोड्याचे हृदय लवकर खाली येत नाही. घोडा वेदना लपवतो, कारण तो मुळात भक्ष्य असलेला प्राणी आहे आणि कळपात दुबळा दिसणे त्याला परवडत नाही. हृदयाला मात्र ही लपवाछपवी साधत नाही.

आता या इतिहासातील सर्वांत यशस्वी प्रकरणाकडे येऊ. ते उन्हाचे आहे.

१९९० मध्ये १९९६ चे ऑलिंपिक अटलांटाला मिळाले. जॉर्जिया राज्यातील जुलै म्हणजे ऊन आणि दमट हवा दोन्ही एकदम. कोकणातला मे महिना अनुभवलेल्यांना वेगळे सांगायला नको. घोडेस्वारीतील तीन दिवसांच्या स्पर्धेत त्या काळी दुसरा दिवस सहनशक्तीचा असे. आधी रस्त्यावरची दुडकी, मग वेगवान अडथळ्यांची दौड, पुन्हा लांब दुडकी, तपासणीसाठी दहा मिनिटांचा थांबा, आणि शेवटी रानातले भक्कम अडथळे ओलांडत क्रॉसकंट्री. सगळे मिळून वीस किलोमीटरांहून अधिक. १९९२ मध्ये बार्सिलोनाच्या उन्हात काही घोडे या दिवशी इतके गळाले होते की अटलांटात काय होईल या विचाराने पशुवैद्य धास्तावले. घोड्यांना तिथे नेऊच नये, असेही आवाज उठले.

घोड्याची अडचण अशी. स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेचा फार थोडा भाग हालचालीत जातो. बाकीची, ढोबळमानाने तीन-चतुर्थांश किंवा जास्तच, उष्णता होते. सुमारे ५०० किलोच्या देहाला वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ थोडे. त्यावर उपाय म्हणून निसर्गाने घोड्याला घाम दिला आहे, आणि तोही भरपूर: कष्टाच्या कामात तासाला १० ते १५ लिटर. मराठीत आपण ‘घोड्याला फेस आला’ म्हणतो तो फेस घामातल्या लॅथेरिन नावाच्या प्रथिनाचा असतो. साबणासारखे काम करून ते घाम केसांवर पसरवते. पण हवेत आधीच बाष्प असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळून जातो. शरीर पाणी आणि क्षार गमावते, थंड मात्र होत नाही. घोड्याचे नेहमीचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. ते ४१ च्या वर चढून राहिले की धोका सुरू होतो.

पुढील पाच-सहा वर्षांत ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि इतर देशांतील प्रयोगशाळा या एकाच प्रश्नाला भिडल्या. केंब्रिजचे पशुवैद्य लिओ जेफकॉट या प्रयत्नांचे एक प्रमुख सूत्रधार. न्यूमार्केटच्या ‘अॅनिमल हेल्थ ट्रस्ट’मध्ये डेव्हिड मार्लिन आणि सहकाऱ्यांनी बंद खोलीत अटलांटाची हवा तयार केली, तीत ट्रेडमिल ठेवले आणि त्यावर घोडे धावले. झुंट्सचे ट्रेडमिल शंभर वर्षांनी पुन्हा कामी आले, पण आता प्रश्न दाणावैरणीचा नव्हता.

हाती आलेल्या निष्कर्षांत एक तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीला धक्का देणारा होता. तापलेल्या घोड्यावर बर्फगार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात, घोडा कोसळतो, असे जगभरचे साईस आणि प्रशिक्षक मानत. प्रयोगांनी दाखवले की तसे होत नाही. उलट अंगभर सतत गार पाणी ओतणे हाच घोडा थंड करण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. दुसरे, घोडा दमट उष्म्याला सरावतो, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून तो स्पर्धेआधी पुरेसे दिवस तिथे पोहोचला पाहिजे. तिसरे माप हवेचे. १९५० च्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या पॅरिस आयलंड छावणीत रंगरूट उष्माघाताने पडत, म्हणून तापमान, बाष्प आणि ऊन यांचा एकत्र निर्देशांक तयार झाला होता. सैनिकांसाठी केलेले ते गणित आता घोड्यांच्या हिशेबाने बसवण्यात आले.

१९९५ मध्ये अटलांटाजवळच्या कॉनियर्स येथे, पुढच्या वर्षीच्याच मैदानावर चाचणी स्पर्धा झाली. घोड्यांचे तापमान, वजन, नाडी सारे टिपले गेले. आणि मग नियम हलले. सहनशक्तीचे टप्पे आखूड झाले, मध्ये जादा विसावा आला, सावलीचे मांडव, तुषार उडवणारे पंखे, बर्फाच्या पाण्याची पिंपे आली, क्रॉसकंट्री पहाटे सुरू झाली. १९९६ ची स्पर्धा पार पडली. सांघिक सुवर्ण ऑस्ट्रेलियाला, वैयक्तिक सुवर्ण न्यूझीलंडच्या ब्लाइथ टेटला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून तर ती लांब दुडकी आणि अडथळ्यांची दौड हे टप्पे कायमचेच गेले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. त्या साऱ्या संशोधनाने घोडे वाचवले हे खरे. त्याच संशोधनाने जुलैच्या जॉर्जियात घोड्यांची स्पर्धा घेणे शक्य केले हेही खरे. ‘घ्यावी की नाही’ हा प्रश्न ‘कशी घ्यावी’ यात रूपांतरित झाला. मोजमापाची ही ताकद दोन्हीकडून कापते.

उन्हाचा ताण मोजता आला, कारण त्याला अंश सेल्सिअस आहेत. भीतीला काय आहे?

१९३६ मध्ये हान्स सेल्ये याने ‘नेचर’मध्ये एक छोटे पत्र लिहिले. उंदरांना थंडी, जखम, विष, अतिश्रम असे काहीही भोगायला लावले तरी शरीर ठरावीक एकाच तऱ्हेने प्रतिसाद देते, असे त्याचे म्हणणे. पुढे याच अवस्थेला त्याने ‘स्ट्रेस’ हे नाव रुळवले. या प्रतिसादातील एक मुख्य संप्रेरक म्हणजे कॉर्टिसोल. ते लाळेतही उतरते आणि घोड्याच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवून लाळ घेता येते. हेल्सच्या पितळी नळीच्या तुलनेत ही केवढी सौम्य रीत! त्याच्या जोडीला हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराचे चढउतार मोजले जाऊ लागले. निवांत प्राण्याचे ठोके घड्याळासारखे समान अंतराने पडत नाहीत. दोन ठोक्यांमधली फट सतत थोडी कमीजास्त होत राहते. भीती वाढली की ही लवचीकता जाते आणि ठोके कवायतीसारखे एका मापात पडू लागतात.

पण इथेच सेल्येच्या सिद्धान्ताची दुसरी बाजू आडवी येते. शरीर सगळ्याला एकाच तऱ्हेने प्रतिसाद देत असेल, तर प्रतिसादावरून कारण कसे ओळखावे? कॉर्टिसोल भीतीने वाढते, तसे नुसत्या दौडीने वाढते, गाडीतून प्रवास केल्याने वाढते, आणि काहीही न करता सकाळी ते संध्याकाळपेक्षा जास्तच असते. हृदय चाबकाने धडधडते आणि चंदीचा तोबरा दिसल्यानेही. हेल्सच्या घोडीची नाडी कशाने वाढली होती, भयाने, वेदनेने, की दोहोंनी?

या काळातील दोन प्रयोग मला विशेष आवडतात. फ्रान्समधील सोम्यूरच्या राष्ट्रीय अश्वारोहण विद्यालयात घोडे आणि स्वार दोघांचेही कॉर्टिसोल आणि हृदयगती मोजण्यात आली, एकदा तालमीत आणि एकदा प्रेक्षकांसमोर. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वारांचे हृदय प्रेक्षकांसमोर जास्त धडधडले. घोड्यांना तालीम आणि प्रयोग यांत फारसा फरक पडला नाही. प्रेक्षक आले आहेत याची चिंता माणसालाच. दुसरा प्रयोग स्वीडनमधला, २००९ चा. घोड्याला घेऊन ठरावीक वाटेने चार फेऱ्या मारायच्या. चौथ्या फेरीआधी माणसाला सांगितले, आता घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाची हृदयगती वाढली आणि घोड्याचीही. छत्रीची सूचना घोड्याला तर कोणी दिली नव्हती. ती त्याला माणसाकडूनच पोहोचली.

या अवघड जागेवर शास्त्राची खरी परीक्षा झाली ती ड्रेसाजमध्ये. ड्रेसाज म्हणजे संथ, तालबद्ध, शिस्तीच्या चालींची कसोटी. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने तिचे सांघिक सुवर्ण जिंकले आणि त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता, म्हणून हा शब्द आता आपल्याही कानांवर आहे. या प्रकारात काही प्रशिक्षक सरावात घोड्याची मान इतकी वाकवत की हनुवटी जवळजवळ छातीला टेके. जर्मन भाषेत या पद्धतीला ‘रोलकुर’ असे नाव पडले. २००९ मध्ये सरावात एका घोड्याची जीभ निळी पडलेली दिसते अशी चित्रफीत जगभर फिरली. ४० हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाकडे गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये लोझान येथे बैठक बसली आणि ठरले: बळजबरीने वाकवलेली मान अमान्य, बळजबरीविना खाली, आत वळवलेली मान मान्य.

आता बळजबरी कोणी आणि कशाने मोजायची? त्या आधीच्या आणि नंतरच्या अभ्यासांनी एकमुखी उत्तर दिले नाही. काहींत हृदयगती आणि कॉर्टिसोल यांत ठळक फरक दिसला नाही, आणि पद्धतीच्या समर्थकांनी तेवढेच उचलले. पण २००९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऊटा क्योनिग फॉन बोर्स्टेल आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. घोड्यांना दोन फाटे असलेल्या वाटेवर आणले. एका फाट्याने गेले की मान वाकवून स्वारी होई, दुसऱ्याने गेले की साधी स्वारी. दोन्ही अनुभव दिल्यावर निवड घोड्यांवर सोडली. १५ पैकी १४ घोडे स्पष्टपणे साध्या स्वारीच्या फाट्याकडे वळले.

लाळ, रक्त, ठोके यांतून जे निःसंदिग्ध निघत नव्हते ते घोड्याने पायांनी सांगितले. मला हा प्रयोग हेल्सच्या प्रयोगाचा नेमका उलट टोकाचा वाटतो. तिथे घोडी बांधल्याशिवाय मोजता येत नव्हते. इथे घोडा मोकळा सोडल्याशिवाय उत्तर मिळत नव्हते.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक चालू होते. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये खेळाडूला अनोळखी घोडा चिठ्ठीने मिळत असे आणि ओळख करून घ्यायला २० मिनिटे. महिलांच्या स्पर्धेत आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. तो अडथळ्याकडे जाईना. मागे हटू लागला, गोल फिरू लागला. खेळाडू खोगिरावर रडत होती. तिच्या प्रशिक्षिकेने कुंपणाबाहेरून घोड्याला बुक्की मारली आणि तिला उरलेल्या ऑलिंपिकमधून बाहेर काढण्यात आले. मी हे दृश्य टाळेबंदीतल्या घरी बसून पाहिले. घोड्यांतले मला तेव्हा काहीही कळत नव्हते, तरी घोडा घाबरला आहे हे कळले. जगभरच्या प्रेक्षकांना कळले. कोणी त्याची लाळ तपासली नव्हती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर पेंटॅथलॉनमधून घोडा गेला. त्याच्या जागी माणसांसाठीच अडथळ्यांची धाव आली.

१८९२ नंतर १८९३, बार्सिलोनानंतर अटलांटा, चित्रफितीनंतर लोझान, टोकियोनंतर हा निर्णय. क्रम दर वेळी तोच आहे: आधी लोक पाहतात, मग नियमकर्ते हलतात, आणि मोजमाप या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभे असते. कधी घोड्याच्या बाजूने, कधी वेळ काढण्यासाठी.

अलीकडची एक घडामोड सांगून थांबतो, कारण ती मला या सगळ्या लांबलचक इतिहासात सर्वांत व्यवहारी वाटते. घोड्याच्या नाकाभोवती एक चामडी पट्टा असतो. तो आवळला की घोड्याला तोंड उघडता येत नाही आणि लगामाच्या कडीचा त्रास होत असला तरी तो परीक्षकांना दिसत नाही. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, असे स्वारीची जुनी पुस्तके सांगतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयर्लंडमधील संशोधकांच्या पाहणीत ७५० स्पर्धक घोडे तपासले गेले. दोन बोटांची सैल जागा फक्त ७ टक्के घोड्यांना होती. ४४ टक्क्यांच्या पट्ट्याखाली मोजणीचे निमुळते साधन शिरतच नव्हते. त्याआधी, २०१६ मध्ये, ऑस्ट्रेलियात १२ घोड्यांवर झालेल्या प्रयोगात पट्टा पूर्ण आवळताच हृदयगती वाढली, चघळणे थांबले, गिळणे कमी झाले. पट्टा काढल्यावर घोडे जांभया देऊ लागले आणि पुन्हापुन्हा गिळू लागले, जणू राहून गेलेले सारे भरून काढत होते.

शिवाय ‘दोन बोटे’ म्हणजे कोणाची बोटे, हा वाद होताच. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यासाठी एक ठरावीक मापाचे साधन आणले. स्पर्धेच्या वेळी अधिकारी ते घोड्याच्या नाकावर, पट्ट्याखाली सरकवून पाहतो. ते सरकले नाही, तर पट्टा सैल करावा लागतो. घोड्याच्या हृदयात, रक्तात, लाळेत काय चालले आहे, याच्याशी त्या साधनाला कर्तव्य नाही. ते फक्त माणसाने पट्टा किती आवळला आहे, एवढेच मोजते.